रायबोझोम अमिनो आम्ल तपासून घेतो का?

खानापूर_जीवशास्त्र

नमस्कार मंडळी. दुसऱ्या पी.यू.च्या (बारावीच्या) मुलांना प्रथिननिर्मितीचा पाठ मराठीतून समजावायचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग एकदम इंग्रजी, त्यामुळं व्याख्या धडाधड म्हणतात, पण ‘का?’ विचारलं की वर्ग गप्प. तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, टी-आरएनएला, म्हणजे रायबोझोमपर्यंत (प्रथिन जोडणाऱ्या यंत्रापर्यंत) अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूला, सगळीकडं ‘दुभाष्या’ म्हटलेलं असतं. पण अँटिकोडॉन (एम-आरएनए या संदेशावरच्या तीन अक्षरी कोडॉनशी जुळणारी टी-आरएनएची तीन अक्षरं) एका टोकाला आणि अमिनो आम्ल पार दुसऱ्या टोकाला. या टोकाची खबर त्या टोकाला कोण पोचवतं? आणि चुकून भलतंच अमिनो आम्ल चिकटलं तर रायबोझोम ते परत लावून देतो का?

दोन, एयूजी कोडॉनसमोर अँटिकोडॉन काही पुस्तकांत यूएसी, काहींत सीएयू. बरोबर कुठलं?

तीन, एका अमिनो आम्लामागं ऊर्जा किती? दोन, तीन, चार, तिन्ही आकडे वाचायला मिळतात.

शिवाय टी-आरएनएची हातात धरता येईल अशी प्रतिकृती करायची आहे. तीन पाकळ्यांच्या पानाची आकृती फळ्यावर काढून काही उपयोग होत नाही, मुलांना तो सपाटच वाटतो.

रविवारपेठ

पहिला प्रश्न आधी घेतो, सगळा पेच तिथंच आहे. नाही, रायबोझोम अमिनो आम्ल तपासत नाही. तो फक्त कोडॉन आणि अँटिकोडॉन जुळतात का एवढंच बघतो.

‘दुभाष्या’ हा शब्द भलत्यालाच चिकटलाय. दुभाष्या कोण हे बेळगावात कुणाला शिकवायला नको: ज्याला दोन्ही भाषा कळतात तो. टी-आरएनएला एकच कळते, न्यूक्लिओटाइडांची, म्हणजे आरएनएच्या अक्षरांची. पाठीवर कुठलं अमिनो आम्ल बांधलंय हे त्याचं त्याला वाचता येत नाही. दोन्ही बाजू चाचपून बघणारं एन्झाइम वेगळंच आहे, अमिनोॲसिल टी-आरएनए सिंथेटेज. साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लाला एक, म्हणजे वीस.

मुलांना पेठेतल्या तांदळाच्या पोत्यांचं उदाहरण द्या. पोतं भरून, तोंड शिवून, वर ‘इंद्रायणी’ अशी चिठ्ठी लावणारा एक माणूस. हमाल दुसरा. हमाल चिठ्ठी वाचतो आणि पोतं त्या थप्पीवर टाकतो, तोंड उसवून दाणा बघत बसत नाही. आत सोनामसुरी भरली असेल तर तीही इंद्रायणीच्याच थप्पीवर जाते. हमाल म्हणजे रायबोझोम, चिठ्ठी म्हणजे अँटिकोडॉन, आणि पोतं भरून चिठ्ठी लावणारा तो सिंथेटेज.

हे नुसतं उदाहरण नव्हे, करून पाहिलेलं आहे. १९६२ साली शापव्हिल, लिपमन, बेन्झर आणि सहकाऱ्यांनी सिस्टीनच्या टी-आरएनएवर सिस्टीन बरोबर चढवून घेतलं आणि मग रॅनी निकेलनं त्यातलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की सिस्टीनचं अलानिन होतं. म्हणजे चिठ्ठी सिस्टीनची, माल अलानिनचा. हा माल यू आणि जी यांच्या कृत्रिम एम-आरएनएबरोबर रायबोझोमांना दिला, तर सिस्टीनच्या जागी अलानिन बिनबोभाट बसलं.

आता सिंथेटेज नेमकं काय करतं ते. पहिल्या टप्प्यात अमिनो आम्ल आणि एटीपी जवळ घेऊन त्यांचं अमिनोॲसिल-एएमपी बनवतं, पायरोफॉस्फेट सुटतं. दुसऱ्या टप्प्यात ते अमिनो आम्ल टी-आरएनएच्या ३′ टोकाच्या (साखळीच्या शेवटच्या टोकाच्या) सीसीए या तीन अक्षरांमधल्या शेवटच्या ए-वर चढवतं आणि एएमपी सोडून देतं. सुटलेल्या पायरोफॉस्फेटचे लगेच दोन तुकडे होतात, त्यामुळं गाडी उलटी फिरत नाही.

टी-आरएनए ओळखायच्या खुणा प्रत्येक सिंथेटेजच्या वेगळ्या. मेथिओनिनचं सिंथेटेज मुख्यतः अँटिकोडॉनच बघतं. सेरीनचं मात्र अँटिकोडॉनला हात लावत नाही. त्याला सहा कोडॉन, अँटिकोडॉन बघून करणार काय? ते टी-आरएनएचा लांबलचक ‘बदलता हात’ (लांबी बदलणारा मधला भाग) बघतं. अलानिनचं तर फार मजेदार आहे: अमिनो आम्लाच्या टोकाजवळच्या दांड्यात तिसरा जी आणि सत्तरावा यू अशी वाकडी जोडी दिसली की पुरे. १९८८ मध्ये ही एक जोडी दुसऱ्या टी-आरएनएत घालून बघितली, अँटिकोडॉन होतं तसंच ठेवून, तर त्याच्यावर अलानिन चढायला लागलं. तेव्हा ‘या टोकाची खबर त्या टोकाला’ हा प्रश्न दरवेळी उद्भवतच नाही. खबर कधी कधी त्याच टोकाला असते.

आणि चूक पकडणं. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांत फरक फक्त एका मेथिलीन गटाचा. आयसोल्युसीनच्या खोबणीत व्हॅलीन सैल बसतं, पण बसतं. म्हणून त्या एन्झाइमला दोन चाळण्या आहेत. पहिली मोठं काही आत येऊ देत नाही. दुसरी खोबण इतकी लहान की आयसोल्युसीन तिच्यात शिरतच नाही, व्हॅलीन शिरतं आणि तिथं तोडलं जातं. असं करून चूक साधारण तीन हजारांत एकावर येते. इथून सुटलेली चूक प्रथिनात जाणारच असं समजा.

निपाणीकर

‘सुटलेली चूक जाणारच’ याला थोडी हरकत आहे. सिंथेटेज आणि रायबोझोम यांच्यामध्ये आणखी एक जण उभा असतो, ईएफ-टीयू. चढवलेला टी-आरएनए जीटीपीसकट (एटीपीसारख्याच ऊर्जा देणाऱ्या रेणूसकट) रायबोझोमपर्यंत नेणारं हे प्रथिन. त्याची पकड टी-आरएनए आणि अमिनो आम्ल या दोघांच्या बेरजेवर ठरते. योग्य जोड्या सगळ्या साधारण सारख्या ताकदीनं धरल्या जातात. काही चुकीच्या जोड्या फार सैल बसतात आणि वाटेतच गळतात.

‘सिंथेटेज वीस’ हेही सरसकट खरं नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये ग्लुटामिनचं सिंथेटेजच नाही. तिथं ग्लुटामिनच्या टी-आरएनएवर आधी मुद्दाम ग्लुटामिक आम्ल चढवतात आणि मग दुसरं एन्झाइम त्याचं जागच्या जागी ग्लुटामिन करतं. मधल्या अवस्थेतला तो ‘चुकीचा’ माल ईएफ-टीयू उचलतच नाही, म्हणून घोटाळा होत नाही. तुमचा हमाल पोतं उसवत नाही हे मान्य, पण गाडीवाला वजनावरून थोडंफार ओळखतो.

आता रायबोझोम. जिवाणूंचा ७०एस, त्याचे दोन भाग ३०एस आणि ५०एस. बेरीज ८० का येत नाही हे मुलं विचारणारच. एस म्हणजे स्वेडबर्ग, द्रवात खाली बसण्याच्या वेगाचं माप, वजनाचं नव्हे; आकार बदलला की वेग बदलतो, म्हणून बेरीज होत नाही. ३०एसमध्ये १५४२ न्यूक्लिओटाइडांचा १६एस आरएनए. ५०एसमध्ये २९०४ चा २३एस आणि १२० चा ५एस. हे आकडे ई. कोलाय या जिवाणूचे.

लहान भाग वाचतो, मोठा भाग जोडतो. वाचणं कसं होतं ते ३०एसच्या स्फटिकरचनेतून दिसलं. ते काम वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाचं; जन्म चिदंबरमचा, भौतिकशास्त्राची पदवी बडोद्याची, २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर. कोडॉन आणि अँटिकोडॉन जुळले की १६एस आरएनएमधले १४९२ आणि १४९३ क्रमांकाचे दोन ए बाहेर वळतात आणि त्या जोडीच्या खाचेत बोट घातल्यासारखे टेकतात. पहिल्या दोन अक्षरांच्या जोड्यांची रुंदी अगदी नेमकी असेल तरच ते नीट टेकतात. तिसऱ्या अक्षराकडं एवढी कडक नजर नाही, आणि तिसऱ्या जागेवरचा ढिलेपणा तिथूनच येतो. ५३० क्रमांकाचा जी याच कामात मदतीला असतो.

तपासणी दोनदा होते. एकदा जीटीपी फुटायच्या आधी, एकदा फुटल्यावर. मधला टप्पा परतीचा नाही, म्हणून दोन चाळण्यांचा गुणाकार होतो. इतकं करूनही हजार ते दहा हजार अमिनो आम्लांत एखादी चूक राहतेच. आणखी कडक केलं तर वेग जातो. ई. कोलाय ३७ अंशांना सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे तीनशेचं प्रथिन वीस सेकंदांच्या आत. आपल्या पेशीत सेकंदाला पाच-सहा.

ऊर्जेचा हिशेब: चार. ईएफ-टीयूचा जीटीपी एक आणि ईएफ-जीचा (रायबोझोम पुढं सरकवणाऱ्या प्रथिनाचा) जीटीपी एक, हे दोन सगळे धरतात. चढवताना एटीपीचं थेट एएमपी होतं, त्यात दोन उच्च-ऊर्जा बंध जातात. तो एकच धरला की तीन येतात, चढवणं पार विसरलं की दोन. सुरुवात आणि शेवट यांचा खर्च वेगळा.

इथं एक गोष्ट बहुतेक उत्तरपत्रिकांत चुकलेली असते. पेप्टाइड बंध जोडायला जीटीपी लागत नाही. ती ऊर्जा चढवतानाच अमिनो आम्ल आणि टी-आरएनए यांच्या बंधात भरून ठेवलेली असते. ईएफ-टीयूचा जीटीपी तपासणीसाठी, ईएफ-जीचा तीन अक्षरं पुढं सरकण्यासाठी.

दुसरी चूक आकृतीतली. नवं अमिनो आम्ल उडी मारून साखळीला चिकटताना दाखवतात. घडतं उलट. रायबोझोमवर टी-आरएनएच्या तीन जागा: ए नव्याची, पी साखळीची, ई बाहेर पडायची. पी जागेवरची अख्खी साखळी ए जागेवरच्या नव्या अमिनो आम्लावर येऊन बसते, मग ईएफ-जी सगळं एक घर सरकवतो, आणि रिकामा टी-आरएनए ई जागेवरून बाहेर पडतो. जोडणीच्या जागी प्रथिन नाहीच, काम २३एस आरएनएचं. मोठ्या भागातली बाहेर पडायची नळी तीस-चाळीस अमिनो आम्लं मावतील एवढी लांब असते.

शहापूर_वर्कशॉप

दुसरा प्रश्न आणि प्रतिकृती माझ्याकडं.

ताई, दोन्ही पुस्तकं आपापल्या परीनं बरोबर, पण एकानं दिशा लिहिलेली नाही. कोडॉन ५′-एयूजी-३′. अँटिकोडॉन त्याला उलट्या तोंडानं भिडतं, म्हणून एयूजीखाली सरळ लिहिलं तर ३′-यूएसी-५′. पण न्यूक्लिइक आम्लं ५′ कडून ३′ कडं लिहायची रीत आहे, त्या रीतीनं ५′-सीएयू-३′. मुलांना दोन्ही टोकांवर आकडे घातल्याशिवाय लिहू देऊ नका बघा. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पर्यायांत नेमके हेच दोन शेजारी ठेवलेले असतात.

सीएयूचाच एक विक्षिप्त प्रकार आहे. ई. कोलायमध्ये जनुकावरून बघितलं तर सीएयू अँटिकोडॉनचे टी-आरएनए तीन तऱ्हेचे. एक सुरुवातीचा, फॉर्मिल-मेथिओनिनचा. दुसरा मधल्या मेथिओनिनचा. तिसऱ्यातल्या सी-ला लायसीन जोडून त्याचं लायसिडीन करतात, आणि मग तो एयूजी सोडून एयूए वाचतो आणि मेथिओनिनऐवजी आयसोल्युसीन घेतो. एका अक्षराला शेपूट जोडली की वाचनही बदललं आणि मालही.

तिसऱ्या जागेचा ढिलेपणा, क्रिकनं १९६६ मध्ये मांडला तो. अँटिकोडॉनचं पहिलं अक्षर म्हणजे ३४ वी जागा कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरासमोर येते. तिथं इनोसीन (ए बदलून बनलेलं अक्षर) असलं की ते यू, सी, ए तिघांशी जमवून घेतं. यीस्टच्या अलानिनच्या टी-आरएनएत हेच आहे: जीसीयू, जीसीसी, जीसीए तिन्हींना तो एकटा पुरतो. म्हणून ६१ कोडॉनांना ६१ टी-आरएनए लागत नाहीत.

प्रतिकृती. थर्माकोल नको, मणी आणि वाकणारी बारीक तार घ्या. यीस्टचा फिनायलअलानिनचा टी-आरएनए करा, ७६ मण्यांचा. ८ मिमीचे मणी घेतले तर ६१ सेंमी होतात. तार ९० सेंमी कापा, दोन्ही टोकांना धरायला राहते. ए, यू, जी, सी यांना चार रंग. ओवायचा क्रम असा: टोकाच्या दांड्याचे ७, मग सुटे २. डी-हाताचे ४, त्याच्या फाशाचे ८, परत ४. सुटा १. अँटिकोडॉन हाताचे ५, फासा ७, परत ५. बदलत्या हाताचे ५. टी-हाताचे ५, फासा ७, परत ५. टोकाच्या दांड्याचे परतीचे ७, सुटा १, आणि शेवटी सीसीए. अँटिकोडॉन ३४ ते ३६ वर येतं, जीएए.

सगळे रंग बरोबर जुळवणं नको वाटलं तर निदान टोकाचा दांडा तरी खरा करा. १ ते ७: जी, सी, जी, जी, ए, यू, यू. ६६ ते ७२: ए, ए, यू, यू, सी, जी, सी. पहिल्यासमोर ७२ वा अशा दोऱ्यानं जोड्या बांधल्या की चौथ्या जी-समोर ६९ वा यू येतो. वर सांगितलेली अलानिनची खूण तिसऱ्या आणि सत्तराव्यात असते, इथं ती एक घर खाली आहे आणि अलानिनचं सिंथेटेज याला हात लावत नाही. एका घराचा फरक बोटानं दाखवता येतो.

जोड्या बांधून झाल्या की पान तयार. आता खरा आकार: टी-हात टोकाच्या दांड्याच्या रांगेत सरळ वळवा, १२ जोड्यांची एक दांडी होते. डी-हात अँटिकोडॉन हाताच्या रांगेत आणा, दुसरी दांडी. दोन्हींमध्ये काटकोन. कोपरा सुटू नये म्हणून १९ वा जी आणि ५६ वा सी एकमेकांना घट्ट बांधा; खऱ्या रेणूतही कोपऱ्यात हीच गाठ असते. उलटा एल दिसायला लागला की काम झालं. खऱ्या रेणूत अँटिकोडॉनपासून सीसीएपर्यंत अंतर सुमारे ७.५ नॅनोमीटर. एक टोक लहान भागात वाचनाला, दुसरं मोठ्या भागात जोडणीला, एवढं लांब असण्याचं कारण तेच.

खानापूर_जीवशास्त्र

सगळ्यांचे आभार. पोत्याचं उदाहरण आणि गाडीवाला, दोन्ही वापरणार. आणखी दोन शंका. स्टॉप कोडॉनचा (साखळी थांबवणाऱ्या कोडॉनचा) टी-आरएनए कुठला? आणि रायबोझोम बिघडला म्हणजे काय होतं, याचं आपल्या भागातलं काही सांगता येईल का? पुस्तकात नुसती अँटिबायोटिकांची यादी आहे.

निपाणीकर

स्टॉपचा टी-आरएनए नसतो. यूएए, यूएजी, यूजीए हे प्रथिनं वाचतात: जिवाणूंत आरएफ-१ यूएए आणि यूएजी, आरएफ-२ यूएए आणि यूजीए. या प्रथिनाचं एक टोक जोडणीच्या जागी पोचतं आणि अमिनो आम्लाऐवजी पाण्याचा रेणू तिथं बसवतं. पाण्यानं बंध तुटतो, साखळी सुटते. म्हणजे थांबणं हाही जोडणीसारखाच प्रकार, फक्त जोडीला पाणी. आपल्या मायटोकाँड्रियात मात्र यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, हे विसरू नका.

औषधांचं यादीसारखं न सांगता जागेवरून सांगा. स्ट्रेप्टोमायसिन लहान भागात १६एसला चिकटतं आणि वाचन बिघडवतं. टेट्रासायक्लिन ए जागा अडवतं. क्लोरॅम्फेनिकॉल जोडणीच्या जागी बसतं. एरिथ्रोमायसिन बाहेर पडायच्या नळीत, तोंडाशीच. आपला रायबोझोम ८०एस, रचना वेगळी, म्हणून आपण वाचतो. पण मायटोकाँड्रियाचे रायबोझोम जिवाणूंच्या वळणाचे. काही घराण्यांत मायटोकाँड्रियाच्या १२एस आरएनएत १५५५ व्या जागी ए चा जी झालेला असतो. तिथं स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या औषधांनी कायमचं बहिरेपण येऊ शकतं.

रविवारपेठ

आपल्या भागातलं म्हणाल तर बांधावरचा एरंड. बियांमधलं रिसिन हे प्रथिन आपल्या रायबोझोमच्या मोठ्या, ६०एस भागातल्या २८एस आरएनएमधून एकच ए उपटून काढतं. साखळी तुटत नाही, फक्त तेवढं अक्षर जातं. पण ईएफ-टीयू आणि ईएफ-जीचे आपले भाऊबंद नेमके तिथं टेकतात, त्यामुळं रायबोझोम जागच्या जागी अडतो. रिसिनचा एक रेणू मिनिटाला हजारावर रायबोझोम निकामी करतो, म्हणून इतकं थोडं पुरतं. तेलात ते उतरत नाही, प्रथिन आहे आणि पाण्यात विरघळणारं. राहतं ते पेंडीत. म्हणून ही पेंड शेतात खत म्हणून घालतात, गोठ्यात घालत नाहीत.

प्रयोगशाळेतलं एक उदाहरण हुशार मुलांसाठी. माणसाचं जनुक ई. कोलायमध्ये घालून प्रथिन काढताना कित्येकदा अर्धवट लांबीचंच निघतं. कारण आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन ई. कोलाय फार कमी वापरतो, त्यांचे टी-आरएनएही थोडेच. दोन-तीन एजीजी ओळीनं आले की रायबोझोम वाट बघत थांबतो. मग साखळी सुटते, नाहीतर वाचनाची चौकट सरकते (तीन-तीन अक्षरांचे गट चुकतात), किंवा एजीएवर आर्जिनिनऐवजी लायसीन बसतं. लायसीन बसलं की वस्तुमान २८ डाल्टननं कमी येतं, मास स्पेक्ट्रोमीटरवर ते लगेच दिसतं. उपाय: जनुक लिहून घेतानाच ते कोडॉन सीजीयू किंवा सीजीसी करून घ्यायचे, नाहीतर तुटवड्याचे टी-आरएनए जास्तीचे देणारा वाण वापरायचा. प्रथिन मुळीच दिसत नसेल तर कोडॉनांआधी सुरुवात बघा. एजीजीएजीजी ही रायबोझोम बसायची खूण आणि एयूजी यांच्यात पाच ते नऊ अक्षरं हवीत. अंतर चुकलं तर रायबोझोम नीट बसतच नाही.

खानापूर_जीवशास्त्र

मणी ओवले. दोनदा मोजले, ७५ च भरतात. आणि अँटिकोडॉन ३३ ते ३५ वर येतंय.

शहापूर_वर्कशॉप

मग गडबड ३४ च्या आधीच आहे. डी-हात संपला की अँटिकोडॉन हात सुरू व्हायच्या आत एकटा मणी असतो, २६ वा. पानाच्या आकृतीत त्याला जोडी नसते, म्हणून ओवताना तोच राहतो. पहिल्या टोकाकडून मणी सोडवू नका. सीसीएकडून २७ व्यापर्यंत सोडवा, तो घाला आणि परत ओवा.